त्रेसष्ट क्लिक

बंदूक साफ करायच्या तेलाला एक गोडसर वास असतो. अति पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा, आणि त्याच्या पाठीमागून रॉकेलचा झणका. हा वास पोह्यांत मुरला की पोहे कसे लागतात, हे सांगू शकणारी मराठी बाई भूतलावर बहुधा मी एकटीच असेन. मान मोठा आहे, पण मी तो मागितला नव्हता. मी सोळा वर्षांची होते, अमेरिकेतल्या रेडमंडच्या आमच्या टाउनहाउसमध्ये जेवायचं टेबल एकच होतं, आणि त्या सप्टेंबरात त्या टेबलाच्या एका टोकाला आईच्या पोह्यांचं पातेलं, लिंबाच्या फोडी, शेवेचा डबा असे, आणि दुसऱ्या टोकाला, नागपूरहून आणलेल्या फुलाफुलांच्या प्लास्टिकवर जुने पेपर अंथरून, पप्पांची बंदूक लोळत पडलेली असे. सासुरवाडीला येऊन मुक्काम ठोकलेल्या जावयासारखी. तिला कोणी उठ म्हणायचं नाही, तिच्यासाठी सगळ्यांनी ताटं सरकवून घ्यायची.

दुकानातली ती सगळ्यात स्वस्त बंदूक होती. दस्ता काळ्या प्लास्टिकचा, आणि त्यावर साच्याची रेघ इतकी ठसठशीत की नळी सोडली तर बाकीचा ऐवज न्हाणीतल्या बादलीच्या जातीचा वाटावा. तिच्यात एका वेळी एकच गोळी पुढे सरकायची. प्रत्येक गोळीमागे बाजूची दांडी उचलायची, मागं ओढायची, पुढं ढकलायची आणि खाली दाबायची. खट्, खर्र, खर्र, खटाक. पप्पा रिकाम्या बंदुकीवर हा सराव बातम्या बघता बघता करायचे. स्वयंपाकघरात मोहरी तडतडायची आणि बाहेर खटाक. आई म्हणायची, "सुजू, त्यांना सांग, माझी फोडणी घाबरते."

आईचा आक्षेप फोडणीपुरता नव्हता. आमच्या घरी रविवारी सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना व्हायची, आणि पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं. ते म्हणून झालं की आई उठायची आणि मटणाला वाटण लावायची. पप्पांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "मटण खातेस ना? मग?"

"खाते," आई म्हणाली. "पण आपल्या नागपूरच्या इंदोऱ्यातल्या खाटकाचा हात मी पाहिला आहे. एका झटक्यात. त्याच्या बापानं त्याला शिकवलं, त्याच्या बापाला त्याच्या बापानं. तुम्हाला कोणी शिकवलं? तुम्हाला तर कोंबडी धुताना मळमळतं."

हे खरं होतं. पप्पा बेसिनशी कोंबडी धुवायचे तेव्हा तोंड दुसरीकडे वळवायचे आणि हाताला काय लागतंय ते चेहऱ्यावर उमटायचं.

मग हा माणूस शिकारीच्या नादाला लागला कसा? त्याचं कारण होतं सोमवार. पप्पा सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम बाजारात जाण्याआधी शंभर तऱ्हांनी वापरून बघायचा आणि तो कुठे फुटतो ते शोधायचं, हे त्यांचं काम. बारा वर्षं एकाच टीममध्ये, आणि त्या टीममधली चार-पाच जणं दर ऑक्टोबरात, टीममधला सर्वांत ज्येष्ठ रॉन याच्या भावाच्या जमिनीवर, डोंगरापलीकडे हरणाच्या शिकारीला जायची. सोमवारी परत यायची ती हसतच. मीटिंगमध्ये कोणी नुसतं "तो कुंपणाचा खांब!" म्हणालं की टेबल हादरायचं. पप्पाही हसायचे, अर्धा सेकंद उशिरा. घरी येऊन मला विचारायचे, "सुजू, 'बक फीवर' म्हणजे काय गं? तापाचा प्रकार आहे का?" मी शाळेतून अर्थ आणायचे. शिकाऱ्याला हरीण समोर आल्यावर जो थरकाप सुटतो तो. पप्पा अर्थ ऐकून पुन्हा एकदा हसायचे, या वेळी बरोबर, पण स्वयंपाकघरात, एकटे. मला त्यांची दया यायची आणि दया आली की रागही यायचा.

त्या वर्षी पप्पांनी नागरिकत्वाची शपथ घेतली आणि दुसऱ्या आठवड्यात रॉननं विचारलं, "या वेळी तू येणार का?" बस्स. पप्पा घरी आले ते बस सोडून चालत आले असावेत असं वाटावं इतके भिजलेले आणि इतके आनंदी.

शपथेच्या कोटाची गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या कोटात आहे. तो कोट पप्पांनी शपथेच्या आधी तीन दिवस विकत घेतला, किमतीची चिठ्ठी न काढता बाहीच्या आत दुमडून घातला, उजवा हात वर करून नव्या देशाशी इमान राखण्याचं वचन दिलं, आणि पुढच्या शनिवारी कोट दुकानात परत केला. शपथेच्या फोटोत पप्पांचा चेहरा किंचित वाकडा आहे. लोकांना वाटतं ऊर भरून आला. चिठ्ठी काखेत टोचत होती. आमच्या घरी तंबू असाच आला आणि गेला, पाहुण्यांसाठी हवेची गादी आली आणि गेली, आजीसाठी व्हीलचेअर आली आणि आजीच्या आधी गेली. सगळीच ओळखीची मंडळी हे करायची आणि त्यात हुशारी मानायची. खोकं जपून उघडायचं, पिशवीची गाठसुद्धा मूळ होती तशी मारायची, वस्तू परत करायची मुदत कॅलेंडरवर लिहायची. आमच्या कॅलेंडरवर सणांपेक्षा मुदती जास्त असायच्या. आज मी चाळिशीला टेकले आहे आणि माझ्या कपाटात चावणाऱ्या बुटांचे तीन जोड आहेत. परत करत नाही. पायाला फोड आले की मला बरं वाटतं.

तर बंदूक आली, पण तिला डोळा नव्हता. स्वस्त बंदुकीवर दुर्बीण बसवून मिळत नाही. ती, म्हणजे स्कोप, वेगळा घ्यायचा, कड्यांनी नळीवर आवळायचा आणि त्यातल्या उभ्या-आडव्या रेघांच्या फुलीवर नेम धरायचा. आणि या निवडीसाठी आमच्या घरी दर शनिवारी प्रशांतकाकांचं आगमन होऊ लागलं.

प्रशांतकाका पुण्याचे. पप्पांच्याच कंपनीत, पण दुसऱ्या इमारतीत, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत. कट्टर शाकाहारी. आयुष्यात त्यांनी बंदूक जवळून पाहिली ती आमच्या टेबलावर, आणि पाहिल्या क्षणापासून त्यांना तिच्यातलं सगळं कळत होतं. त्यांनी एक्सेलची शीट बनवली. चौदा स्कोप, अकरा रकाने. कुठला किती पट मोठं दाखवतो, पुढच्या काचेची रुंदी किती, वजन, धुकं धरतो का, लोकांचे अभिप्राय. गावोगावचे शिकारी इंटरनेटवर एकमेकांची आई-बहीण काढून जे काही लिहीत, ते काका मोठ्यानं वाचून दाखवत, शिव्या गाळून, त्यामुळे वाक्यात फार थोडं उरे.

"दिलीप, ऐक माझं," काका म्हणायचे, "चोवीस पटीचा घे. जास्त झूम म्हणजे जास्त पॉवर. सिंपल आहे."

"पण रॉन म्हणतो तीन ते नऊ पट पुरे."

"रॉनला काय कळतंय यार? तो अजून चेकबुक वापरतो."

शेवटी पप्पांनी तीन स्कोप आणले. एक चांगला, रॉननं सुचवला होता त्या प्रतीचा, बंदुकीच्या जवळजवळ बरोबरीच्या किमतीचा. एक काकांचा चोवीसपटी, जाडजूड, भोंग्यासारखा. आणि एक स्वस्तातला, ज्याच्या खोक्यावर स्कोपपेक्षा गरुडाचंच चित्र मोठं होतं. ठेवायचा होता एकच, कुठला ते ठरायचं होतं.

आणि मग मी जे पाहिलं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं. वरच्या खोलीच्या खिडकीशी दोन प्रौढ माणसं, मोज्यांत, सुटे स्कोप डोळ्याला लावून उभी. "बघ बघ, ती समोरची बाई काय खातेय!" "सीरियल. दुधातलं, सकाळी खातात ते. दुपारचं जेवण म्हणून सीरियल!" "डबा दिसतोय का? कुठलं सीरियल ते वाचता येतंय, मानलं यार काचेला." समोरची बाई साठीची, एकटी राहायची, दर नाताळात मला बिस्किटं द्यायची. ती टेबलाशी बसून वाटीत चमचा फिरवत होती, डोळ्यांत पाणी होतं की काचेवर, मला कळलं नाही. कारण हो, मीही बघितलं. काकांनी माझ्या हातात स्कोप दिला, त्याच्या रबरी कडेला त्यांच्या भुवईच्या तेलाचं गोल कडं उमटलं होतं, ते माझ्या डोळ्याभोवती गार चिकटलं, आणि तरी मी बघितलं. त्या दिवशी मी चारदा तोंड धुतलं.

खालून आई ओरडली, "काय चाललंय वर? तारे बघताय का दिवसाढवळ्या?"

"टेस्टिंग, वहिनी, टेस्टिंग!" काका म्हणाले.

चोवीसपटी भोंगा पहिल्याच परीक्षेत गळला. त्यातून काही सापडायचंच नाही. समोरच्या घराकडे वळवला की एक वीट दिसायची, प्रचंड, आणि मग दुसरी वीट. तो त्याच रविवारी परत गेला. चांगला स्कोप बंदुकीवर चढला, आणि रॉननं आम्हाला गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर बोलावलं. मलाही. पप्पांना इंग्रजी येत होतं, पण रॉनचं पुटपुटतं इंग्रजी मलाच नीट कळायचं.

रॉन साठीचा, लांब हातांचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं बंदूक हातात घेतली, बादलीछाप दस्त्याकडे बघून नाक मुरडलं नाही. त्याचं म्हणणं मी मराठीत सांगते. "बंदूक स्वस्त चालेल. काच साधी असली तरी चालेल, पण खरी हवी. आणि मुख्य म्हणजे दोघींची ओळख करून द्यावी लागते." ओळख म्हणजे शंभर यार्डांवर कागद लावायचा, झाडायचं, गोळी कुठे लागली ते बघायचं, आणि स्कोपवरच्या दोन छोट्या चकत्या क्लिक क्लिक फिरवून फुली तिथं आणायची. एक चकती वर-खाली, एक डावी-उजवी. पप्पांनी दुपारभर हे केलं. खांदा काळानिळा झाला. शेवटच्या तीन गोळ्या अशा लागल्या की हिंगाच्या डबीच्या झाकणाखाली तिन्ही भोकं झाकली गेली असती. रॉननं पप्पांच्या पाठीवर थाप मारली. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. शपथेच्या फोटोत जो चेहरा यायला हवा होता तो हा.

निघताना रॉन म्हणाला, "आता हात लावू नकोस. काच काढलीस, बदललीस, नुसती दारावर आपटलीस, तरी परत इथं यायचं. आधी कागदावर झाडायचं. कागदाला दुखत नाही."

हे वाक्य मी ऐकलं. पप्पांनी न कळून माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांना ते मराठीत करून सांगितलं, शब्दन् शब्द. हे लिहून ठेवते, कारण पुढे "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायची सोय राहू नये.

शिकारीच्या आधीच्या गुरुवारी, ऑफिस सुटल्यावर, प्रशांतकाका आमच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले. "दिलीप, उद्या मुदत संपते याची."

"मला वाटतं हाच ठेवावा," पप्पा म्हणाले.

"वेडा आहेस का? वर्षातून एक दिवस वापरणार. गरुडवाला पण तीन ते नऊच आहे, काच पण चाळीस मिलिमीटरचीच आहे. सेम स्पेसिफिकेशन! नाव सोडलं तर फरक काय?"

"पण रॉन म्हणाला, बदललं तर परत मैदानावर जायचं. उद्या ऑफिस आहे, परवा पहाटे निघायचंय."

"मैदानावर कशाला? सेटिंग मायग्रेट करायचं." काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "ही चकती तळापर्यंत फिरव, किती क्लिक होतात मोज. लिहून ठेव. नवा चढव, तळापासून तेवढेच क्लिक दे. झालं. डेटा तोच, फक्त मशीन बदललं."

आता वाचकहो, आठवा, माझे वडील टेस्टर होते. प्रशांतकाकांसारख्यांनी "झालं" म्हटलं की "कुठे झालं?" असं विचारण्याचा त्यांना बारा वर्षं पगार मिळत होता. त्या दिवशी त्यांनी ते विचारलं नाही. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुजू, तू मोज. तुझे कान चांगले आहेत."

मी मोजलं. टेबलाशी बसून, बंदुकीवर मान वाकवून, केळ्यारॉकेलच्या वासात, पप्पा एकेक क्लिक फिरवत होते आणि मी मोठ्यानं मोजत होते. वर-खालीच्या चकतीचे त्रेसष्ट आणि डाव्या-उजव्या चकतीचे एक्केचाळीस. काकांनी ते आकडे शीटमध्ये बाराव्या रकान्यात लिहिले. मग गरुडवाला चढला, आणि त्यावर तळापासून त्रेसष्ट आणि एक्केचाळीस. मला गंमत वाटत होती. खरं सांगते, गंमत वाटत होती. रॉनचं वाक्य डोक्यात होतं आणि मी त्याच्यावर उशी दाबून बसले होते, कारण ते आठवलं तर शनिवार कॅन्सल झाला असता आणि पप्पा पुन्हा सोमवारी अर्धा सेकंद उशिरा हसले असते.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही दुकानात गेलो. खोकं मीच बांधलं होतं. चिकटपट्टी जुन्या खुणेवर बरोबर बसवण्यात माझा हात कोणी धरला नसता. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "काही बिघाड होता का?" आणि पप्पा, ज्यांची तीन भोकं हिंगाच्या झाकणाखाली मावत होती, म्हणाले, "नीट दिसत नाही त्यातून."

शनिवारी आई उठली, उकडलेली अंडी, पोळ्या आणि तिळाची चटणी बांधून दिली, पण दारापर्यंत आली नाही. डोंगर ओलांडला की पाऊस मागे राहतो. पलीकडे कोरडा, पिवळा, काटेरी झुडपांचा मुलूख, आणि आभाळ इतकं मोठं की मला उघडं पडल्यासारखं वाटलं. रॉन, पप्पा, मी, तिघांच्या अंगात नारिंगी बंड्या. बाकीचे दुसऱ्या टेकडीकडे गेले. नऊच्या सुमाराला खालच्या घळीतून एक नर चढून आला. थांबला. पूर्ण बाजू देऊन उभा राहिला, कान हलवत. मैदानावरच्या कागदाइतकाच लांब. रॉन कुजबुजला, "घे. सावकाश." पप्पांना थरकाप सुटला नव्हता. मी त्यांच्या मागे होते, मला त्यांची पाठ दिसत होती, ती मैदानावर होती तशीच स्थिर होती. नेम चांगला होता, हे मी कोर्टात सांगायला तयार आहे. नेमात काही चूक नव्हती.

हरीण खाली पडलं नाही. त्यानं पाठीला बाक दिला, पोटात लाथ बसलेल्या माणसासारखं, आणि चालू लागलं. धावलंही नाही. रॉनच्या तोंडून एकच श्वास बाहेर पडला.

पुढचे तीन तास मी सविस्तर सांगणार नाही म्हणत होते, पण मग हे प्रकरण लिहिण्यात अर्थ काय? छातीत लागलेलं रक्त तांबडं, फेसाळ असतं असं रॉननं सांगितलं. आम्हाला दगडांवर सापडत होतं ते हिरवट तपकिरी, चोथ्यासकट. गोळी हातभर मागे, कोठ्यात लागली होती. ते बसायचं, आम्ही जवळ आलो की उठायचं, पुन्हा पन्नास पावलं जायचं. तिसऱ्यांदा ते उठलं तेव्हा त्याच्या मागून काहीतरी ओलं, निळसर लोंबत होतं आणि त्याला काटे चिकटत होते. पप्पा एकदा बंदूक उचलायचे, पुन्हा खाली घ्यायचे. त्यांना आता आपल्या फुलीवर विश्वास नव्हता. शेवटी रॉननं आपली बंदूक लावली आणि एकाच गोळीत संपवलं. खाटकाच्या हातासारखं.

मग रॉननं पोट उघडलं आणि तो वास आला. कुजलेलं गवत, आंबलेलं ताक, आणि खाली काहीतरी ज्याला मराठीत शब्द नाही, आणि नसावाच. आतलं सगळं त्या हिरव्या लगद्यात पोहत होतं. मी झुडपामागे जाऊन अंडी, पोळी, चटणी सगळं परत केलं. हो, परत केलं. मी त्या घरातली मुलगी होते.

आले तेव्हा रॉन कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी पप्पांच्या बंदुकीकडे बघत होता. "ही ती काच नाही."

"सेम स्पेसिफिकेशन," पप्पा म्हणाले. आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा.

"बदलल्यावर कागदावर झाडलंस?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. न कळून नव्हे. आणि मी माझ्या स्वच्छ शाळकरी इंग्रजीत म्हणाले, "हो. दोनदा."

रॉननं आमच्यावर विश्वास ठेवला. त्यानं हात गवताला पुसले आणि म्हणाला, "मग प्रवासात सरकली असेल. स्वस्त काच तशी सरकते. निघताना मी बघायला हवं होतं. माझी चूक." आणि त्यानं जेवढं मांस वाचवता येईल तेवढं वाचवून, नीट कापडात गुंडाळून आम्हाला दिलं.

घरी आईनं मांसाची बर्फाची पेटी उघडली, वास घेतला आणि झाकण परत लावलं. रविवारी सकाळी वंदना झाली. पहिलं शील तिनं एकटीनं म्हटलं, आम्हा दोघांचे ओठ हलले नाहीत. मग ती उठली आणि तिनं ते मांस सात पाण्यांनी धुतलं, आणि नागपूरचा काळा मसाला, खसखस, सुकं खोबरं, जे होतं नव्हतं ते सगळं घालून शिजवलं. "मारलंय ना?" ती म्हणाली. "मग खायचं."

आम्ही बसणार एवढ्यात दार वाजलं. रॉन. हातात वर गाठ मारलेला लोकरीचा जाड मोजा, आणि मोज्यात त्याचा स्वतःचा जुना स्कोप. "मला झोप लागली नाही," तो पप्पांना म्हणाला. "नव्या माणसाला घेऊन जायचं आणि त्याची काच बघायची नाही, हे माझ्याकडून व्हायला नको होतं. हा ठेव. पुढच्या वर्षी यानंच ये."

पुढच्या वर्षी. बारा वर्षं ज्या दोन शब्दांची वाट पाहिली ते मोज्यातून टेबलावर आले, जिथं बंदूक लोळायची तिथं. आईनं पाहुण्याला ताट वाढलं. रॉन घाम पुसत, नाक ओढत, मन लावून जेवू लागला. आणि आई, चेहऱ्यावर पाहुण्यासाठीचं हसू तसंच ठेवून, मला मराठीत म्हणाली, "हा एवढा कशाची माफी मागतोय?"

मीही हसत हसत सांगितलं. क्लिक, दुकान, "दोनदा". रॉनला वाटत असावं आम्ही मीठमसाल्याबद्दल बोलतोय. त्यानं अंगठा वर करून "फार छान" अशी खूण केली. आईनं त्याला अजून रस्सा वाढला, आणि तशीच गोड हसत पप्पांकडे वळली.

"याला किती दिवसांची मुदत आहे हो?"

"हळू बोल," पप्पा म्हणाले.

"मराठी येतं का त्याला? त्या मोज्याची गाठ नीट बघून ठेवा, परत मारता आली पाहिजे." मग तिनं पळी उचलली आणि पप्पांच्या कोऱ्या ताटात एक मोठा तुकडा ठेवला. हसू तेवढ्यापुरतं गेलं. "हे मात्र परत करता येत नाही. खा."

पप्पांनी घास घेतला. मी त्यांना तो चावताना बघत होते. कोंबडी धुताना व्हायचा तसा चेहरा झाला, पण या वेळी त्यांनी तोंड वळवलं नाही. गिळलं. पाणी प्यायले. आणि इंग्रजीत, टीमच्या मीटिंगमध्ये दोष वाचून दाखवायचे त्या सपाट आवाजात म्हणाले, "रॉन, आम्ही कागदावर झाडलं नाही. चांगला स्कोप मी दुकानात परत केला. याच्यावर आम्ही क्लिक मोजून दिले."

रॉनचा चमचा थांबला. "क्लिक मोजून?"

"त्रेसष्ट आणि एक्केचाळीस," मी म्हणाले. "मी मोजले. आणि मी खोटं बोलले."

रॉननं उरलेलं सगळं खाल्लं, शेवटच्या तुकड्यापर्यंत, पोळीनं ताट पुसून. उठला, आईला "थँक यू, मॅम" म्हणाला, मोजा उचलला, आणि दार हलकंच ओढून घेतलं.

पप्पांनी बंदूक त्या महिन्यात विकली. गरुडवाला स्कोप राहिला. प्रशांतकाकांचा फोन आला होता, "अरे त्याचं दुकान वेगळं, त्याला अजून आठ दिवस आहेत, परत कर ना!" पप्पांनी फोन ठेवला. आमच्या घरात मुदत असूनही राहिलेली ती पहिली वस्तू. आता माझ्याकडे आहे. त्यातून बघितलं तर मध्ये स्वच्छ दिसतं आणि कडेला जग पातळ होतं. मी फारसं बघत नाही.

पुढच्या ऑक्टोबरात बोलावणं आलं नाही, हे सांगायला नकोच. पण त्याच्या आधीचा सोमवार सांगायचा राहिला, शिकारीनंतरचा पहिला. पप्पा नेहमीच्या बसनं आले, बूट काढले, हात धुतले, जेवायला बसले. टेबल पुसलेलं होतं तरी प्लास्टिकला तो वास होताच.

"आज मीटिंगमध्ये सगळे हसले," ते म्हणाले. "एका पोरानं न तपासता प्रोग्रॅम पुढे पाठवला. तर कोणीतरी विचारलं, 'टेस्ट केलंस, की नुसते क्लिक मोजलेस?'"

आई वाढता वाढता थांबली. पप्पांनी भात कालवला.

"पहिल्यांदाच," ते मला म्हणाले, "तुला विचारावं लागलं नाही."